छोट्या धंद्यात मार्केटिंगला ठरलेला वेळ कसा द्यायचा: मुंबईतल्या नव्या व्यावसायिकांसाठी

सणांवर चालणारा धंदा ज्यांनी केलाय त्यांना हा फेरा ठाऊक असतो. गणपती ते दिवाळी मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी सरते आणि फोन थंडावतो. मग पोटात गोळा येतो, चार दिवस रोज तीन-तीन पोस्ट पडतात, ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर जाहिरात फिरते. तेवढ्यात कुठून तरी दोन मोठ्या ऑर्डरी येतात आणि मार्केटिंग तिथल्या तिथे थांबतं. काम असतं तेव्हा वेळ नसतो, काम नसतं तेव्हा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत ज्यांनी एकट्याने किंवा एखादा मदतनीस घेऊन धंदा सुरू केला, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डोंबिवलीत घरून फराळ करणारी ताई, परळला ब्लाउज शिवणारा टेलर, मुलुंडला दहावीचे क्लास घेणारे सर, लालबागला मसाले कुटून देणारं कुटुंब. काय पोस्ट करायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. नव्या माणसाचं घोडं तिथे अडत नाही असं माझं मत आहे. ते अडतं 'कधी करू' या प्रश्नावर, म्हणून या लेखात आधी वेळ आणि मग काम.

आज आलेली ऑर्डर बहुतेक वेळा आज मिळालेली नसते, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा. फराळ कोणाकडून घ्यायचा हे सोसायटीतल्या बायका नवरात्रातच बोलून ठेवतात. लग्नाचे ब्लाउज कोणाकडे टाकायचे याची चौकशी साखरपुडा झाला की लगेच सुरू होते. दहावीला कुठल्या क्लासला घालायचं ही चर्चा नववीची परीक्षा चालू असतानाच घरात होते. तुम्ही सप्टेंबरात गप्प बसलात तर त्याचा फटका सप्टेंबरात दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा कारण विसरलेलं असतं. शिवाय हे काम स्वतःहून काहीच मागत नाही. गिऱ्हाईक तगादा लावतं, कारागीर उचल मागतो, विजेचं बिल तारीख घेऊन येतं. मार्केटिंग मुकाट्याने मागे सरकत राहतं.

आधी भिडेबद्दल

'वेळच मिळत नाही' हे खोटं नसतं, पण पूर्ण खरंही नसतं. आपल्याकडे त्यात भीड मिसळलेली असते. स्वतःच्या मालाचं स्वतःच्या तोंडाने काय कौतुक सांगायचं? लोक म्हणतील, ही आता आपल्यालाही विकायला लागली. दर सांगताना आवाज खाली जातो. मग मोकळा तास मिळाला तरी आपण डबे आवरतो, हिशेब लिहितो, कपाट लावतो, कारण त्या कामांत कोणी नकार देत नाही.

'माल चांगला असला की लोक आपोआप येतात' असं घरची वडीलधारी माणसं सांगतात. माल चांगला असावाच लागतो, पण लोकांपर्यंत तो कोणीतरी न्यावा लागतो. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळला विकोची सुरुवात केली तेव्हा ते आणि त्यांची मुलं दंतमंजन घेऊन दारोदार जात असत. बनवणं आणि जाऊन सांगणं ही दोन कामं होती आणि दोन्हींना दिवसातला वेळ द्यावा लागत होता.

भिडेवरचा उपाय पुढे पायऱ्यांमध्येच येईल. आत्ता एवढंच लक्षात ठेवा, की बैठकीची सुरुवात नेहमी सगळ्यात कमी भीड वाटेल अशा कामाने करायची.

पायरी १: एक आठवडा नुसतं बघा

ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात दिवसांच्या सात ओळी आखा. प्रत्येक दिवशी दोनच गोष्टी लिहा: कोणत्या वेळी हात रिकामे होते, आणि कोणत्या वेळी डोकं ताजं होतं. या दोन वेळा बहुतेकांच्या वेगळ्या निघतात. डबे देणाऱ्या ताईंचे डबे सकाळी निघून गेले की एक ते तीन मोकळे असतात, पण पहाटेपासून उभं राहून अंग शिणलेलं असतं. दुकानदाराला दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, पण शटर उघडं असल्यामुळे कोणीही कधीही येतं. क्लासवाल्या सरांची सकाळ बऱ्याचदा पूर्ण मोकळी असते आणि ती वर्तमानपत्रात जाते.

लोकलच्या प्रवासाबद्दल वेगळं सांगते, कारण मुंबईत प्रत्येकाला पहिल्यांदा तेच सुचतं. 'गाडीत करेन की.' गर्दीच्या वेळी कल्याणहून दादरला येणाऱ्या फास्ट गाडीत फोन खिशातून काढता येत नाही, मग तिथे गिऱ्हाइकाला नीट निरोप काय लिहिणार. सीट मिळाली तर डोक्यात आलेलं टिपून ठेवायला प्रवास चांगला आहे. ठरलेली वेळ म्हणून मात्र तो धरू नका. जी वेळ रेल्वेच्या हातात आहे ती तुमची नाही.

पायरी २: आठवड्याला एक बैठक, रोज दहा मिनिटं

सुरुवातीला यापेक्षा जास्त ठरवू नका. आठवड्यातून एकदा सव्वा तासाची बैठक आणि बाकीचे सहा दिवस दहा-दहा मिनिटं. सगळं मिळून सव्वादोन तास. रोज एक तास देईन असा संकल्प सोडणारे खूप दिसतात आणि तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो. मोडला की अपराधी वाटतं आणि मग महिनाभर त्या विषयाकडे बघावंसं वाटत नाही.

बैठकीसाठी शक्यतो शटर उघडायच्या आधीची वेळ घ्या. एकदा दुकान उघडलं, शेगडी पेटली, पहिला फोन आला की तो दिवस तुमच्या हातात राहत नाही. ज्यांना सोमवारी किंवा आणखी कुठल्या वारी सुट्टी असते ते सुट्टीच्या दिवशी बैठक ठेवतात. मला ते फारसं पटत नाही. मुंबईत सुट्टीचा दिवस बँक, दवाखाना, माल आणायला क्रॉफर्ड मार्केट किंवा मशीद बंदर यातच जातो, आणि उरलेला घरच्यांचा असतो.

ठरलेली वेळ फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलीत तर ती पुसायला एक बोट पुरतं. त्यापेक्षा ती ऑर्डरच्या वहीत लिहा, ऑर्डर म्हणून. नाव: आपलंच. तारीख: दर मंगळवार. वेळ: सव्वानऊ ते साडेदहा. माल: पुढच्या महिन्याचं काम. वहीत लिहिलेली ऑर्डर आपण सहसा चुकवत नाही. आणि खरंच एखादा मंगळवार गेला, पाण्याचा टँकर आला, मुलाला ताप आला, तर ती ऑर्डर त्याच आठवड्यात दुसऱ्या वारी लिहायची. काट मारून सोडून द्यायची नाही.

घरून काम करणाऱ्या बायकांना आणखी एक करावं लागतं: घरात जाहीर करणं. 'मंगळवारी सव्वानऊ ते साडेदहा मी कामावर आहे, दार वाजलं तर बाबा उघडतील.' घरात असणं म्हणजे मोकळं असणं असं घरच्यांना वाटतं, आणि बऱ्याचदा आपल्यालाही.

पायरी ३: बैठकीत करायचं काय

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

*पहिला अर्धा तास जुन्या गिऱ्हाइकांना द्या.* वही उघडा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत येऊन गेलेली पाच नावं काढा. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहा, किंवा सरळ फोन करा. हेच ते कमी भिडेचं काम. या माणसांनी तुमचा माल घेतलाय, पैसे दिलेत, तुमचं नाव त्यांना माहीत आहे. त्यांना विकायचं नाही, विचारायचं आहे. उदाहरणार्थ:

'नमस्कार काकू, मागच्या महिन्यात नेलेला गोडा मसाला कसा लागला? पुढचा येत्या शुक्रवारी कुटायला टाकतेय. हवा असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, तुमच्यासाठी बाजूला ठेवते.'

किंवा टेलरसाठी: 'ताई, लग्नातलं ब्लाउज नीट बसलं ना? कुठे आवळायचं-उसवायचं असेल तर या आठवड्यात घेऊन या, त्याचे पैसे घेणार नाही.'

दोन्ही निरोपांत त्या माणसाचं स्वतःचं काहीतरी आहे, कोणता मसाला, कोणतं ब्लाउज. म्हणूनच त्याला उत्तर येतं. 'सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की' अशा सुरुवातीच्या निरोपाला सहसा उत्तर येत नाही. पाच जणांतून एखादी ऑर्डर आली तर आनंदच, पण नाही आली तरी दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे तक्रार, जी ती व्यक्ती स्वतःहून कधी सांगणार नव्हती. दुसरी म्हणजे 'माझ्या नणंदेला तुझा नंबर देऊ का?' हा प्रश्न. मुंबईत अजूनही माणूस घरात किंवा घरच्या कामाला बोलवायचा तो ओळखीतूनच, आणि ही ओळख जिवंत ठेवायला जाहिरातीचा खर्च लागत नाही, अर्धा तास लागतो.

आठवड्याला पाच म्हणजे वर्षभरात अडीचशे माणसं. नव्या धंद्याची सगळी यादी त्यात एकदा तरी फिरून होते.

*पुढची पंचवीस मिनिटं आठवड्याचा मजकूर तयार करायला.* काय लिहायचं हे सुचत नसेल तर गिऱ्हाइकांनी या आठवड्यात काय विचारलं ते आठवा. अनारसे किती दिवस टिकतात? अस्तर तुमच्याकडेच मिळतं का, की आम्ही आणायचं? सेमी इंग्लिशच्या मुलांची वेगळी बॅच आहे का? एकाने विचारलं म्हणजे आणखी दहा जणांच्या मनात तेच असतं. असे तीन प्रश्न, तीन छोटी उत्तरं, तीन फोटो, एवढ्यावर आठवडा निघतो. फोटोसाठी खिडकीजवळचा सकाळचा उजेड पुरतो. पदार्थाच्या फोटोत तुमचे हात दिसले तर जास्त बरं, कारण घरगुती माल घेणाऱ्याला तो कोणाच्या हातचा आहे हे बघायचं असतं.

हे तयार करून ठेवायचं, लगेच सगळं टाकायचं नाही. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटवर पोस्ट आधीच शेड्यूल करता येते. व्हॉट्सअॅप स्टेटस चोवीस तासांत जातं, ते रोज हाताने टाकायचं. त्यासाठीच दहा मिनिटं ठेवलीयत.

*शेवटची वीस मिनिटं बाहेरच्या एका माणसासाठी.* दर आठवड्याला एक. सोसायटीच्या सेक्रेटरींना नोटीस बोर्डावर आठवडाभर कागद लावू द्याल का असं विचारणं. पार्ले, दादर किंवा ठाण्यात दिवाळीआधी भरणाऱ्या एखाद्या प्रदर्शनात टेबल केवढ्याला मिळतं याची चौकशी. जवळच्या ब्युटी पार्लरवाल्या ताईंना ब्लाउजसाठी तुमचं नाव सुचवाल का, मी तुमचं सुचवेन, एवढं बोलणं. टेलरला साडी-फॉलवाला, क्लासवाल्याला स्टेशनरीचं दुकान, फराळवाल्या ताईंना पूजेचं सामान विकणारा, असे शेजारधंदे प्रत्येकाला असतात. गिऱ्हाईक तेच असतं आणि स्पर्धा नसते. नव्या माणसाने पैसे देऊन जाहिरात करण्याआधी हे दहा-बारा दरवाजे वाजवून झालेले असावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

पायरी ४: एकदाच करून ठेवायची कामं

पहिल्या तीन-चार बैठका या कामांत घालवल्यात तरी चालेल, कारण नंतर ती तुमचा वेळ वाचवतात.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं, फुकट अॅप आहे. त्यात मालाचा कॅटलॉग लावून ठेवा, म्हणजे 'काय काय मिळतं?' या प्रश्नाला रोज नव्याने टाइप करावं लागत नाही. क्विक रिप्लायमध्ये दर, पत्ता, ऑर्डर किती दिवस आधी द्यायची अशी उत्तरं साठवा. तिरकी रेघ टाइप केली की ती समोर येतात. लेबलं लावा: नवीन चौकशी, पैसे यायचेत, परत विचारायचं. ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय. एका लिस्टमध्ये २५६ जणांना निरोप जाऊ शकतो, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. नवे लोक इथेच फसतात. दोनशे जणांना पाठवलं असं वाटतं आणि पोचलेलं असतं पन्नासांना. म्हणून माल हातात देताना एक वाक्य ठरवून ठेवा: 'नंबर या नावाने सेव्ह करा, म्हणजे पुढची तारीख कळवता येईल.' आणि न विचारता गिऱ्हाइकांना ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि लोकांना, विशेषतः बायकांना, ते आवडत नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइलही फुकट आहे. 'जवळचा टेलर' असं कोणी शोधलं की नकाशावर दिसतं ते हेच. पाटीवर आहे तेच नाव, चालू फोन नंबर, खरी वेळ आणि पाच-सहा फोटो घाला. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात सेवा देता तेवढं दाखवता येतं. सणाच्या दिवसांची वेगळी वेळ आधी भरून ठेवा, नाहीतर अनंत चतुर्दशीला कोणीतरी बंद दारापर्यंत येऊन परत जातं. खूश झालेल्या गिऱ्हाइकाला रिव्ह्यू लिहायची लिंक पाठवा, पण त्याबदल्यात सूट किंवा भेटवस्तू देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही.

दुकान असेल तर पाटीकडे एकदा गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा. महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीत नाव असणं आणि ते इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान नसणं बंधनकारक आहे. त्यापलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूने काय विकता ते वाचता येतंय का? खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक पाकिटावर आणि कॅटलॉगमध्ये दिसू द्या. कायद्याचा भाग आहेच, पण अनोळखी माणसाचा विश्वासही त्याने बसतो.

भिंतींवर, खांबांवर कागद चिकटवणं सोडा. त्याविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे. विकत मिळणाऱ्या मोबाइल नंबरांच्या याद्याही घेऊ नका. घाऊक जाहिराती एसएमएसने पाठवायला ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार नोंदणी लागते, आणि आपल्याला न ओळखणाऱ्या हजार जणांना त्रास देऊन छोट्या धंद्याचं भलं होत नाही.

पायरी ५: रोजची दहा मिनिटं

तयार ठेवलेलं स्टेटस टाका, काल कोणी काय विचारलं ते वहीत टिपा, एखाद्या ओळखीच्याच्या पोस्टला मनापासून उत्तर द्या. संपलं. आलेल्या चौकशीला उत्तर देणं यात धरू नका. ते विक्रीचं काम आहे आणि ते दिवसभरात जितक्या लवकर होईल तितक्या लवकर करायचंच.

दुसऱ्यांची रील बघणं हे काम नाही. 'आयडिया घेतेय' म्हणून बसलेलं माणूस पाऊण तासाने उठतं आणि हाती काही नसतं, वर आपला धंदा फिका वाटायला लागतो. फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि वाजला की फोन पालथा ठेवा.

पायरी ६: मुंबईचं वर्ष कागदावर मांडा

एक मोठा कागद घ्या, शेजारी कालनिर्णय. मागच्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका, कारण अधिक महिना आला की सण पुढे सरकतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. ज्याने 'ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात' असं ठोकळ लिहून ठेवलं, तो त्या वर्षी फार लवकर ओरडेल.

आधी तुमचा हंगाम ठरवा, मग उलटं मोजा. फराळाचं उदाहरण घेऊ. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. समजा शेवटची ऑर्डर २८ ऑक्टोबरला बंद करायची आहे. दसऱ्यानंतर आठवण द्यायची. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना पहिला निरोप नवरात्रात. म्हणजे दर, पाकिटांचे फोटो, किती किलोपर्यंत झेपेल याचा हिशेब घटस्थापनेच्या आत तयार हवा. परदेशी पार्सलांची तारीख याहून बरीच आधीची असते. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशा काकू-काकांची वेगळी यादी ठेवा आणि त्यांना सगळ्यांच्या आधी कळवा. या उलट्या मोजणीतून दिसतं, की फराळाच्या मार्केटिंगचा खरा पंधरवडा पितृपक्षाचा आहे. त्या दिवसांत अनेक जण नवी खरेदी टाळतात, हात रिकामे असतात, आणि बहुतेक व्यावसायिक ते दिवस वाट बघण्यात घालवतात. तुमच्या दोन लांब बैठका तिथे बसवा.

असे खड्डे प्रत्येक धंद्याच्या वर्षात असतात. जुलैत पाऊस कोसळत असतो आणि दुकानात कोणी फिरकत नाही, तेव्हा कॅटलॉगचे फोटो आणि गूगलची डागडुजी. डिसेंबरच्या शेवटी वाणाच्या वस्तूंची यादी, कारण संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं चालतात आणि एकेक बाई पन्नास-पन्नास नग घेते. क्लासवाल्यांनी फेब्रुवारीतच नववीच्या पालकांशी बोलायला सुरुवात करावी.

पायरी ७: कुठून आलात, हे विचारा

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा: 'आमचं नाव कुठून कळलं?' नावापुढे एक अक्षर लिहा. ओ म्हणजे ओळखीतून, गू म्हणजे गूगल, इ म्हणजे इन्स्टाग्राम, पा म्हणजे पाटी बघून, प्र म्हणजे प्रदर्शन. तीन महिन्यांनी मोजा. लाइक किती आले यापेक्षा ही मोजणी महत्त्वाची. सगळी अक्षरं ओ निघाली तर रीलचा वेळ कमी करून जुन्या गिऱ्हाइकांना पाचाऐवजी आठ निरोप पाठवा. एखादा मार्ग तीन महिन्यांत एकही माणूस देत नसेल तर तो बिनधास्त सोडा. नव्या धंद्याने दोनच मार्ग धरावेत आणि ते नीट करावेत.

पायरी ८: हंगामात बैठक लहान करा, बंद करू नका

दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात सव्वा तास मिळणार नाही हे उघड आहे. तेव्हा वीस मिनिटं ठेवा, पण वार तोच. त्या वीस मिनिटांत नवं काही विकायचं नाही. भरलेल्या डब्यांचे, पार्सलांच्या रांगेचे, कामात असलेल्या माणसांचे फोटो काढून ठेवा. वर्षभर पुरतील असे फोटो याच दिवसांत मिळतात, नंतर रिकाम्या ओट्याचा फोटो काढून काय करणार. नव्या गिऱ्हाइकांचे नंबर नावासकट, कोणाच्या ओळखीने आले त्यासकट लिहून घ्या. आणि ज्यांना 'आता ऑर्डर घेता येणार नाही' असं सांगावं लागलं त्यांची वेगळी यादी करा. पुढच्या सणाला पहिला निरोप त्यांनाच जायला हवा.

या काळात मदतीला माणूस ठेवायची वेळ आली की बरेच जण मार्केटिंगच सोपवून टाकतात, कॉलेजात जाणाऱ्या भाचीकडे किंवा एखाद्या ओळखीच्या मुलाकडे. व्हिडिओ कापणं, फोटोवर अक्षरं टाकणं खुशाल सोपवा, आणि त्याचे पैसे द्या, घरचं असलं तरी. गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र स्वतःकडे ठेवा. काकूंना मसाला कसा लागला हे भाचीने विचारून चालत नाही, कारण त्यांनी तिखट जास्त झालं म्हटलं तर पुढे काय करायचं हे तिला माहीत नसतं. पॅकिंग, लेबलं चिकटवणं, कुरिअरच्या रांगेत उभं राहणं, उधारीच्या नोंदी, ही कामं आधी द्या. मंगळवारी सव्वानऊ ते साडेदहा पार्सलं बांधायला कोणी मिळत असेल, तर पहिली मजुरी त्याच माणसाला द्यावी.